जिल्ह्याच्या अभ्यासाचे वर्ष

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवी शिक्षणात जे बदल झाले, त्यांपैकी पालकांच्या चर्चेत फारसा न आलेला बदल म्हणजे पदवीचे ऐच्छिक चौथे वर्ष. तीन वर्षे पूर्ण करून बी.ए.ची पदवी घेण्याची आणि बाहेर पडण्याची मुभा विद्यार्थ्याला पूर्वीप्रमाणेच आहे. परंतु ज्याला आपल्या मुख्य विषयात अधिक खोल उतरायचे आहे, त्याने आणखी एक वर्ष, म्हणजे दोन सत्रे, अभ्यास केल्यास त्याला ‘ऑनर्स’ पदवी मिळते. अर्थशास्त्राच्या बाबतीत या वर्षाचा विशेष विचार करायला हवा, कारण या विषयाचे पाठ्यपुस्तकी ज्ञान आणि प्रत्यक्ष संशोधन यांतील अंतर मोठे आहे, आणि ते ओलांडण्याची संधी आजवर सोलापूरसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला एम.ए. झाल्यानंतर, बहुधा पीएच.डी.साठी नाव नोंदवल्यावरच मिळत असे. आता ती पदवीच्या टप्प्यावर उपलब्ध होते आहे, आणि तिचा उपयोग कसा केला जातो यावर या चौथ्या वर्षाचे मोल ठरणार आहे.

या रचनेचा पाया श्रेयांक हा आहे. श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे माप. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास याप्रमाणे पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळवणाऱ्यास पदवी, तर चार वर्षांत किमान १६० श्रेयांक मिळवणाऱ्यास ऑनर्स पदवी दिली जाते. चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने जाणारा विद्यार्थी मुख्य विषयाच्या प्रगत अभ्यासपत्रिका पूर्ण करतो आणि त्याला साधी ऑनर्स पदवी मिळते. दुसरी वाट ‘संशोधनासह ऑनर्स’ची असून पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांनाच ती खुली आहे आणि तिच्यात बारा श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण करावा लागतो. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने ही रचना राज्यात लागू केली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली, त्यामुळे स्वायत्त महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये आणि इतरांची त्यानंतरच्या वर्षी चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येते.

सोलापूरला या बदलाचा एक वेगळा संदर्भ आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ एकाच जिल्ह्यासाठी आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ म्हणजे व्याप कमी, साधने कमी, अशी टीका अशा विद्यापीठांवर नेहमी होते. सामाजिक शास्त्रांच्या दृष्टीने मात्र ही मर्यादा बळ ठरू शकते, कारण अकरा तालुक्यांचा एक सलग प्रदेश, त्याची शेती, त्याचे कारखाने आणि त्याची माणसे हाच आपला अभ्यासविषय, असे म्हणण्याचा अधिकार आणि जबाबदारी अशा विद्यापीठाकडे आपोआप येते.

ऑनर्सची कल्पना नवी नाही. ब्रिटिश विद्यापीठांत सर्वसाधारण पदवी आणि एका विषयात विशेष प्रावीण्याची पदवी असा भेद दीर्घकाळ रूढ आहे. केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या प्रयत्नांनी १९०३ मध्ये अर्थशास्त्राचा स्वतंत्र ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हाच हा विषय तत्त्वज्ञान आणि इतिहास यांच्या छायेतून तेथे बाहेर पडला. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांच्या पदवीनंतर प्रबंधासह करावयाचे एक वेगळे ऑनर्स वर्ष असते, आणि आपल्याकडील नवी रचना त्याच्या बरीच जवळ जाते. भारतात दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. आज तीच कल्पना देशभर आली असून तिच्या मागे या वेळी राष्ट्रीय धोरण उभे आहे.

मराठी समाजाचा अर्थशास्त्राशी संबंध विद्यापीठांहून जुना आहे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील पुस्तक १८४९ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या आठ वर्षे आधी मराठीत आणले. त्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत असलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, इंग्लंडमधील परिस्थितीवरून बांधलेले सिद्धांत सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात असे गृहीत धरता येणार नाही, त्या त्या देशाची वस्तुस्थिती तपासली पाहिजे. चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पामागे हीच दृष्टी असायला हवी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने चौथे वर्ष घ्यावे की नाही, हा प्रश्न स्वतःच अर्थशास्त्राचा आहे. एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी सर्वांत चांगली गोष्ट सोडावी लागते तिच्या मोलाला संधी खर्च म्हणतात. चौथ्या वर्षाचा खर्च केवळ शुल्क, पुस्तके आणि खोलीभाडे एवढाच नसतो. त्या वर्षात विद्यार्थी नोकरीला लागला असता तर जे कमावले असते, तेही त्यात धरावे लागते. यंत्रमागावर काम करणाऱ्या किंवा कोरडवाहू शेती असलेल्या कुटुंबात हा दुसरा भाग पहिल्याहून कितीतरी मोठा असतो, आणि घरातल्या धाकट्या भावंडांचे शिक्षण त्यावर अवलंबून असेल तर त्याचे वजन आणखी वाढते. म्हणून चौथे वर्ष सर्वांनी घ्यावे असा उपदेश करणे योग्य नाही.

मात्र हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचेच आहे, त्याला तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एम.ए. असा जुना मार्ग आहे, तसाच चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एक वर्षाचे एम.ए. असा नवा मार्गही आहे. दोन्हींची बेरीज पाच वर्षेच होते. अशा विद्यार्थ्याचा ऑनर्समुळे वाढणारा संधी खर्च जवळजवळ शून्य आहे, उलट संशोधनाचा अनुभव त्याला वर्षभर आधी मिळतो. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणारा विद्यार्थी एम.ए. न करताही पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरतो. याउलट, ज्याचे लक्ष्य भारतीय आर्थिक सेवा आहे त्याने हे ध्यानात ठेवावे की त्या परीक्षेला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते; ऑनर्सवर थांबून तेथे जाता येत नाही. आणि ज्याला पदवीनंतर लगेच बँक, स्पर्धा परीक्षा किंवा घरचा व्यवसाय यांकडे वळायचे आहे, त्याने तिसऱ्या वर्षी बाहेर पडण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

शिक्षणाने उत्पन्न का वाढते, यावर अर्थशास्त्रात दोन मते आहेत. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवलाची कल्पना विकसित केली; तिच्यानुसार शिक्षण म्हणजे माणसातील गुंतवणूक असून तिने त्याची उत्पादकता प्रत्यक्ष वाढते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी शक्यता दाखवली. मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, तेव्हा पदवी ही त्या कुवतीचा संकेत म्हणून काम करते, आणि शिकण्यात प्रत्यक्ष काही मिळाले नसले तरी पदवीला बाजारात किंमत येते. सोलापूरच्या ऑनर्सला हा भेद थेट लागू आहे. मुंबई-पुण्याच्या नामवंत संस्थेच्या पदवीला संकेत म्हणून जे वजन असते ते जिल्ह्याच्या विद्यापीठाच्या पदवीला सुरुवातीला मिळणार नाही, ही वस्तुस्थिती मान्य करावी लागेल. येथील विद्यार्थ्याला आधार घ्यावा लागेल तो पहिल्या गोष्टीचा, म्हणजे प्रत्यक्ष कमावलेल्या कौशल्याचा. आणि चार पानांचा स्वच्छ, स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर उभा राहिलेला अहवाल हा त्या कौशल्याचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

हे कौशल्य मुख्यतः अर्थमितीतून येते. अर्थमिती म्हणजे संख्याशास्त्राच्या साहाय्याने आर्थिक संबंधांचे मोजमाप. तीन वर्षांत विद्यार्थी सूक्ष्म अर्थशास्त्रात मागणी, पुरवठा, मक्तेदारी यांचे आणि स्थूल अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ, बेरोजगारी यांचे सिद्धांत शिकतो. चौथ्या वर्षी त्याने हे सिद्धांत आकड्यांपुढे उभे करायचे असतात. बहुतेकांची अडचण येथे सुरू होते, कारण कला शाखेत आलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे गणित दहावीलाच सुटलेले असते. ज्याला ऑनर्सकडे जायचे आहे त्याने दुसऱ्या वर्षापासूनच संख्याशास्त्राची तयारी करावी आणि शक्य असल्यास मुख्य विषयाच्या जोडीला निवडायचा दुय्यम विषय गणित किंवा संख्याशास्त्र ठेवावा, हा सल्ला जितका आधी मिळेल तितका बरा.

अर्थमितीचा विचार कसा चालतो हे सोलापूरच्या कांद्यावरून चांगले समजते. येथील श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत कांद्याची प्रचंड आवक होते आणि तो राज्यातील कांद्याच्या प्रमुख बाजारांपैकी एक आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली. बंदीमुळे शेतकऱ्याला मिळणारा भाव किती पडला, हा प्रश्न विचारताच पहिले उत्तर असे सुचते की बंदीपूर्वीच्या आठवड्याचा भाव घ्यावा, बंदीनंतरच्या आठवड्याचा घ्यावा आणि वजाबाकी करावी. पण हे उत्तर फसवे आहे. डिसेंबरात नव्या कांद्याची आवक वाढते तशी भाव उतरण्याची प्रवृत्ती बंदी नसलेल्या वर्षांतही असते. तेव्हा झालेल्या घसरणीतला हंगामाचा वाटा कोणता आणि बंदीचा कोणता, हे वेगळे काढले पाहिजे. त्यासाठी मागील काही वर्षांतील त्याच आठवड्यांतील घसरण मोजायची आणि २०२३ ची घसरण तिच्याहून किती जास्त होती ते पाहायचे. या पद्धतीला फरकांमधील फरकाची पद्धत म्हणतात. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी अमेरिकेतील दोन शेजारच्या राज्यांत किमान वेतनवाढीचा रोजगारावर काय परिणाम होतो हे याच पद्धतीने तपासले, तो त्यांचा १९९४ चा लेख जगभर गाजला आणि कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. त्याच पद्धतीचा उपयोग करायला सोलापूरच्या विद्यार्थ्याला लागते ती बाजार समित्यांच्या दैनंदिन आवक आणि भावांची माहिती, जी कृषी पणन विभागाच्या संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध असते. अर्थात तेवढ्यावर काम संपत नाही. त्या वर्षी पाऊस कमी होता का, लागवड घटली होती का, दुसऱ्या बाजारांतून माल इकडे वळला होता का, या शंकांना उत्तर द्यावे लागते, आणि त्या शंका स्वतःच उपस्थित करण्याची सवय लागणे हेच ऑनर्सचे खरे शिक्षण आहे.

प्रकल्पाला पदवीच्या टप्प्यावर एवढे महत्त्व कशासाठी, असे विचारणाऱ्यांनी महाराष्ट्रातील अर्थशास्त्राचा इतिहास पाहावा. धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ‘द इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला आणि भारताच्या औद्योगिक इतिहासाचे ते पाठ्यपुस्तक बनले. लेखक तेव्हा तेवीस वर्षांचे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले की तुकड्याचा आकार हे दुखणे नसून जमिनीवर लागणाऱ्या भांडवलाची तूट आणि शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार हे खरे दुखणे आहे, आणि त्याचा उपाय औद्योगिकीकरणात आहे. दोघांचेही हे लेखन तरुण वयातले आहे, आणि दोघांनीही रूढ उत्तर आकड्यांवर घासून पाहिले.

पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे गाडगीळ पहिले संचालक होते, आणि या संस्थेने सोलापूरकडे सुरुवातीपासून लक्ष दिले, ही गोष्ट सोलापुरातही फारशी ठाऊक नाही. आर. जी. काकडे यांनी सोलापुरातील विणकर समाजांची केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी संस्थेने १९४७ मध्ये प्रसिद्ध केली; पुढे १९६५ मध्ये खुद्द गाडगीळांचे सोलापूर शहरावरील अभ्यासांचे पुस्तक आले. विणकरांच्या घरांत जाऊन, त्यांचे उत्पन्न, कर्ज आणि राहणीमान विचारून असे काम उभे करण्याची परंपरा या शहराच्या नावावर आधीच जमा आहे. संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली अनेक जुनी प्रकाशने संगणकावर वाचता येतील अशी करून ठेवली आहेत, त्यामुळे सोलापूरच्या विद्यार्थ्याला ती पाहण्यासाठी पुण्याला जावेच लागते असेही नाही.

आज असे काम करायचे ठरवले तर काय करावे लागते, हे विडी कामगार स्त्रियांच्या उदाहरणावरून जवळून पाहता येते. सोलापुरात हजारो स्त्रिया, त्यांत तेलुगू भाषक कुटुंबांतील स्त्रिया मोठ्या संख्येने, विड्या वळण्याचे काम करतात. कारखान्याकडून तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणायचा, पाने भिजवून मापात कापायची, विड्या वळायच्या, त्यांची तोंडे मुडपायची, सुताने बांधायच्या, जुड्या करायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. तेथे तपासणीत खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि उरलेल्यांची मजुरी हजारी दराने मिळते. अशा मजुरीला कामावारी मजुरी म्हणतात, म्हणजे वेळेवर नव्हे तर केलेल्या नगांवर मिळणारी.

आता समजा, या स्त्रियांना तासाला किती मजुरी पडते हे विद्यार्थ्याला काढायचे आहे. एखादी बाई दिवसाला सातशे विड्या देते आणि आठ तास बसते असे सांगते. सातशे विड्यांच्या मजुरीला आठाने भागले की उत्तर आले, असे वाटते. पण प्रश्नावलीत ‘या कामात घरातले आणखी कोण हात लावते?’ हा एक प्रश्न असेल तर कळते की शाळेतून आलेली मुलगी दोन तास पाने कापते आणि सासू तासभर जुड्या बांधते. म्हणजे एकूण श्रम अकरा तासांचे झाले, आणि आठाने भागून काढलेली तासाची मजुरी खऱ्या मजुरीपेक्षा जवळजवळ ३८ टक्क्यांनी जास्त दाखवत होती. त्यातून पाने आणायला आणि विड्या द्यायला जाण्या-येण्याचा वेळ, तेथे रांगेत गेलेला वेळ धरला तर आकडा आणखी खाली येतो. हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले असले तरी त्यामागचा दोष काल्पनिक नाही: हातमागाच्या घरांतही माग पुरुषाच्या नावावर चालतो आणि कांड्या भरण्याचे, सूत उकलण्याचे काम बायका-मुले करतात, पण त्यांचे श्रम हिशेबात क्वचितच येतात. न मोजलेले श्रम मोजता येतील असा प्रश्न विचारणे हे गणिताहून अवघड काम आहे आणि ते वर्गात बसून शिकता येत नाही.

नमुना निवडतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. सर्व कामगारांना विचारणे शक्य नसते, म्हणून काहींना निवडावे लागते. प्रत्येकीला निवडले जाण्याची सारखी संधी मिळेल अशा निवडीला यादृच्छिक नमुना म्हणतात. विद्यार्थ्याने ओळखीच्या गल्लीतल्या तीस बायकांना विचारले, किंवा कारखान्याच्या नोंदवहीतूनच नावे उचलली, तर ज्यांची नोंदच नाही, ज्या दुसरीच्या नावावर विड्या देतात, त्या वगळल्या जातात; आणि नेमक्या त्याच सर्वांत कमी मजुरीवर काम करणाऱ्या असण्याची शक्यता असते. येथे सोलापूरच्या विद्यार्थ्याकडे एक बळ आहे, जे बाहेरच्या संशोधकाकडे नसते. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा भाषा रोजच्या वापरात आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड घरोघरी आहे, आणि वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाची तरी ती मातृभाषा असते. कर्ज, उचल, हप्ता अशा नाजूक विषयांवर बाई आपल्या भाषेत विचारले तरच मोकळेपणाने बोलते.

विडी कामगारांच्या संदर्भात आणखी एक विषय अलीकडे तयार झाला आहे. सोलापूरजवळच्या कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहत असून तिच्यातील पहिल्या पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात गेलेल्या कुटुंबाचा भाड्याचा खर्च वाचतो, पण शहरातील कामाचे ठिकाण लांब जाते. त्याचा स्त्रियांच्या कामावर, मुलांच्या शाळेवर आणि कर्जावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आजच विचारण्याजोगा आहे, कारण जुन्या वस्तीतील आठवणी जसजशा पुसट होतील तसतशी तुलना करणे कठीण होत जाईल.

प्रश्नांची उणीव या जिल्ह्यात नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या आणि ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची कहाणी पाहावी. गैरव्यवस्थापनामुळे गिरणी बंद पडली तेव्हा जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५० मध्ये लागलेला चिरंजितलाल चौधरी खटल्याचा निकाल नव्या राज्यघटनेतील समानतेच्या हक्कावरील अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी एक ठरला. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात. पण गिरण्या बंद झाल्यावर त्या कामगारांची पुढची पिढी कोणत्या कामांत गेली, यंत्रमागाने किती जणांना सामावून घेतले आणि कोणत्या मजुरीवर, याचा माग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने काढायचा आहे. सोलापुरी चादर, टेरी टॉवेल, सोलापूरचे डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळालेले आहे. त्या मानांकनाने उत्पादकाच्या हातात खरोखर जास्त पैसे पडतात का, की ते व्यापाऱ्यापाशीच राहतात, हे तपासता येते. उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी असली तरी तिच्यातील निम्म्याहून अधिक साठा मृत साठा, म्हणजे सहसा कालव्यात न सोडता येणारा असतो. तरीही अवर्षणप्रवण म्हणवणाऱ्या या जिल्ह्यात राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांची दाटी आहे. ज्वारीच्या मुलखात ऊस का वाढतो, याचे उत्तर पाण्याच्या किमतीत, हमखास खरेदीत की सहकाराच्या राजकारणात आहे, यावर मते पुष्कळ ऐकू येतात आणि मोजमाप थोडे आढळते. पंढरपूरच्या वारीतून चार दिवसांत गावाच्या अर्थव्यवस्थेत काय येते आणि त्यातले गावात काय राहते, हाही असाच हात न लागलेला विषय आहे.

तयार माहितीचेही साठे आहेत. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. २०१७-१८ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय श्रमबलाची नियतकालिक पाहणी करते आणि तिची कुटुंबनिहाय माहिती नाव-पत्ता वगळून अभ्यासकांना देते. इतरांनी आधी गोळा केलेल्या अशा माहितीला दुय्यम सामग्री आणि स्वतः मिळवलेल्या माहितीला प्राथमिक सामग्री म्हणतात. देशव्यापी पाहणीत एका जिल्ह्यातील कुटुंबे थोडी असतात, म्हणून तिच्यावरून केवळ सोलापूरविषयी ठाम निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. राज्याचे चित्र तिथून घ्यावे आणि जिल्ह्याचे चित्र स्वतः जाऊन मिळवावे, हा सुरक्षित मार्ग आहे.

हे सर्व घडण्याच्या आड येणाऱ्या गोष्टी उघड आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे एक-दोन शिक्षक असतात, त्यांच्यावर तीनही वर्षांच्या तासांचा आणि परीक्षांचा भार असतो, आणि संशोधनाला मार्गदर्शन करण्यासाठी लागणारा वेळ त्या वेळापत्रकात कुठेच धरलेला नसतो. अशा ठिकाणी प्रकल्प हा गुणांसाठी भरायचा एक रकाना बनेल, जुन्या अहवालाची नावे बदलून तो नव्याने बांधून दिला जाईल, ही भीती निराधार नाही. केवळ नियम कडक करून हा प्रकार थांबत नाही. विद्यार्थ्याने भरलेल्या मूळ प्रश्नावल्या तपासल्या गेल्या आणि तोंडी परीक्षेत ‘ही बाई कुठे राहते, तिने असे उत्तर का दिले असेल’ असे विचारले गेले, तर नक्कल करणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

याहून अधिक उपयोगी मार्ग विद्यापीठाच्या हाती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वेगळा विषय घेऊन तीस-चाळीस कुटुंबांची लहानशी पाहणी करण्याऐवजी विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने दरवर्षी एक विषय ठरवावा, एकच प्रश्नावली मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये तयार करावी आणि ऑनर्सच्या विद्यार्थ्यांनी ती आपापल्या तालुक्यात भरून आणावी. अकरा तालुक्यांतून प्रत्येकी पन्नास कुटुंबे घेतली तरी साडेपाचशे कुटुंबांची एकसंध माहिती एका वर्षात जमते, तिच्यातून प्रत्येक विद्यार्थी आपला स्वतंत्र प्रश्न घेऊन प्रकल्प लिहू शकतो, आणि मार्गदर्शकाचा वेळही वाचतो. त्याच कुटुंबांकडे काही वर्षांनी पुन्हा गेल्यास पॅनेल, म्हणजे एकाच कुटुंबाची अनेक वर्षांची माहिती, तयार होते. भारतात जिल्हा पातळीवर अशी माहिती अगदी दुर्मीळ आहे. कुटुंबाची संमती घेणे, नावे गुप्त ठेवणे आणि निष्कर्षांचा दोन पानी गोषवारा त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हा त्या कामाचा भाग असला पाहिजे. विणकर वस्त्यांपासून सुरुवात केली, तर काकडे यांच्या १९४७ च्या पाहणीतील कर्ज, उत्पन्न आणि घरखर्च यांविषयीचे प्रश्न जसेच्या तसे पुन्हा विचारता येतील आणि दोन्ही काळांचे तक्ते शेजारी शेजारी मांडता येतील.